संगणकाची चोपडी आणि तिचा तपासनीस

[विहारातील विद्यार्थी व पालकांच्या सभेत एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर]



आपल्या मुलामुलींनी पुढे कोणता पेशा पत्करावा ह्या विषयावर मी दोन शब्द बोलावेत अशी संयोजकांची इच्छा आहे. अशा सभांतून डॉक्टर, इंजिनियर, कलेक्टर आणि वकील ही चार नावे आपण इतक्या वेळा ऐकली आहेत की पाचवे नाव उच्चारले तर श्रोत्यांना वक्ता वाट चुकला असे वाटते. मी स्वतः वकील आहे. तेव्हा माझ्या पेशाची निंदा मी करणार नाही. परंतु आज मी ज्या माणसाविषयी बोलणार आहे त्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. शासनाच्या दप्तरी त्याचे नाव लांबलचक आहे : माहिती प्रणालीचा वरिष्ठ लेखापरीक्षक. आपल्या जुन्या भाषेत त्याला हिशेबतपासनीस म्हणावे. फरक एवढाच की तो कागदाचे हिशेब तपासण्यापूर्वी ज्या संगणकात ते हिशेब लिहिले जातात तो संगणकच तपासतो.

हा विषय आपल्या घरापासून दूरचा आहे असे कोणास वाटत असेल तर त्यांनी आपल्या वाडवडिलांची आठवण करावी. सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. कुळकर्ण्याच्या दप्तरात आपल्या जमिनीच्या तुकड्याची नोंद कोणी, केव्हा, कशी फिरविली हे त्यांना कळत नव्हते. अंगठा उमटविणे एवढाच त्यांचा त्या कागदाशी संबंध. मग आपण शिकलो. चोपडी वाचू लागलो. इतकेच नव्हे तर ती न्यायालयात आणून तिच्यावर उलटतपासणी घेऊ लागलो. आणि नेमक्या ह्याच काळात चोपडी अदृश्य झाली! आज आपले रेशन, मुलांची शिष्यवृत्ती, म्हाताऱ्या आईचे निराधार अनुदान, रोजगार हमीची हजेरी, सातबारा, घरकुलाच्या यादीतील नाव, ह्या सर्व गोष्टी संगणकात आहेत. खिडकीपलीकडचा कारकून पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, "इथे असे दिसते आहे." त्या वाक्यापुढे एम. ए. झालेला मुलगाही त्याच्या आजोबांइतकाच निरुत्तर होतो. अंगठा तर पुन्हा आलाच आहे. फक्त शाईच्या जागी काच आली आहे.

आता ह्या अदृश्य चोपडीचा तपासनीस कोण? आपल्या राज्यघटनेने १४८ ते १५१ ह्या अनुच्छेदांत नियंत्रक व महालेखापरीक्षक ह्या अधिकाऱ्याची योजना केली आहे. केंद्राचा व राज्यांचा पैसा विधिमंडळाने ज्या कामासाठी मंजूर केला त्याच कामी खर्च झाला की नाही हे तपासणे आणि आपला अहवाल राष्ट्रपतींकडे वा राज्यपालांकडे देणे हे त्याचे कर्तव्य. मग तो अहवाल संसदेपुढे वा विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत ह्या पदाविषयी चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी जे मत मांडले ते आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक आहे. घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी हाच, त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामाहूनही मोठे आहे, आणि म्हणून न्यायाधीशांना जेवढे स्वातंत्र्य दिले निदान तेवढे तरी त्याला असले पाहिजे, असा त्यांचा आशय होता. आपण दिलेल्या तरतुदीने ते पुरेसे मिळाले नाही ही खंतही त्यांनी बोलून दाखविली. हे उद्गार एखाद्या भावनाशील वक्त्याचे नव्हते. रुपयाच्या प्रश्नावरील ज्यांचा ग्रंथ १९२३ साली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला त्या अर्थशास्त्रज्ञाचे ते मत होते. बाबासाहेबांच्या तसबिरीत त्यांच्या हाती घटनेचे पुस्तक असते. जमाखर्चाचे पुस्तक त्यांनी तितक्याच बारकाईने वाचले होते हे मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

पूर्वीच्या तपासनिसाचे काम कष्टाचे असले तरी समजण्यास सोपे होते. पावती आणि रोजकीर्द तो ताडून पाही. पावतीवर सही कोणाची, रक्कम शब्दांत आणि अंकांत सारखी आहे काय, खाडाखोड आहे काय, हे डोळ्यांना दिसे. संगणकात खाडाखोड दिसत नाही. तेथे जुना आकडा जातो व नवा येतो, आणि नवा आकडा जुन्याइतकाच स्वच्छ दिसतो. शिवाय पावतीही संगणकच छापतो आणि रोजकीर्दही तोच लिहितो. तेव्हा दोन्ही जुळल्या ह्यात काहीच सिद्ध होत नाही. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा वाचून दाखविल्याने ती दोन साक्षीदारांची होत नाही, हे वकिलास सांगावयास नको.

म्हणून हा नवा तपासनीस निराळे प्रश्न विचारतो. ह्या प्रणालीत शिरण्याची परवानगी किती जणांस आहे? जो अर्ज भरतो तोच मंजूर करू शकतो काय? बदलून गेलेल्या वा निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचे खाते बंद केले काय, की त्याच्या नावाने अद्याप मंजुऱ्या निघत आहेत? आणि कोणी, कोणत्या क्षणी, कोणती नोंद बदलली ह्याची आपोआप लिहिली जाणारी रोजनिशी, जिला ते लोक लॉग म्हणतात, ती राखली जाते काय? राखली जात असेल तर ती पुसण्याचा अधिकार कोणाकडे आहे? कार्यालयांतून साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला ठाऊक असतो ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. तपासनिसाच्या दृष्टीने ती हसण्याची गोष्ट नव्हे. कोऱ्या कागदावर सही करून दिलेले दप्तरच ते!

ह्याहून एक खोल प्रश्न आहे, आणि मी कायद्याचा विद्यार्थी असल्यामुळे त्यावर थोडा अधिक वेळ घेणार आहे. विधिमंडळ कायदा करते, शासन निर्णय काढते, हे सर्व भाषेत असते. मग कोणीतरी आज्ञावली लिहिणारा त्या भाषेचा संगणकाच्या भाषेत अनुवाद करतो. तो बहुधा एखाद्या कंत्राटी कंपनीत काम करणारा तरुण असतो. त्याने मूळ कायदा वाचलेला असेलच असे नाही. यापुढे लोकांस लागू होतो तो कायदा नव्हे, तो अनुवाद. मूळ आणि अनुवाद जुळतात की नाही हे कोण पाहतो? न्यायाधीश मूळ वाचतो, अनुवाद पाहत नाही. इंजिनियर अनुवाद पाहतो, मूळ वाचत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचे काम शासनात ज्याच्याकडे अधिकाराने येते असा माणूस म्हणजे माहिती प्रणालीचा लेखापरीक्षक.

उदाहरण आपल्याच घरचे घेऊ. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे मुळात हिंदू धर्म मानणाऱ्यासच अनुसूचित जातीचा गणले जाई. १९५६ साली शीख धर्मीयांचा आणि १९९० साली बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ही दुरुस्ती होण्यास धर्मांतरानंतर चौतीस वर्षे लागली आणि तिच्यासाठी आपल्या माणसांनी किती मोर्चे काढले, किती निवेदने दिली, हे येथे बसलेल्या वृद्धांस विचारा. आता अशी कल्पना करा की एखाद्या अर्जात धर्माच्या रकान्यात "बौद्ध" निवडताच पुढील रकान्यातून "अनुसूचित जाती" हा पर्याय नाहीसा होतो. कोणी आदेश काढला नाही, कोणी सही केली नाही, कोणाच्या मनात द्वेषही नसेल. कोणीतरी जुनी यादी उचलून नव्या अर्जात घातली, एवढेच घडले. परिणाम मात्र असा की संसदेने १९९० साली जे दिले ते एका यादीने परत घेतले. आणि मुलीस वाटते की आपल्यालाच अर्ज भरता आला नाही. अशी चूक एका मुलीची नसते. त्या अर्जापुढे बसलेल्या प्रत्येक मुलीची ती असते. कारकुनाच्या पूर्वग्रहाला तालुक्याची सीमा असे. चुकीच्या नियमाला राज्याची सीमाही पुरत नाही. उलट एका तपासनिसाने ती एक ओळ शोधून काढली तर एका दिवसात सर्वांना न्याय मिळू शकतो. मी सबंध कारकिर्दीत जेवढ्या अशिलांचे काम करीन त्यांहून ही संख्या मोठी असेल.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे आता सांगतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे कर्तव्य व अधिकार सांगणारा कायदा १९७१ चा आहे. त्याच्या १८ व्या कलमाखाली तपासणी पथकास हिशेब, पुस्तके व कागदपत्रे मागविण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. पथक खात्याकडे संगणकातील मूळ माहितीची संपूर्ण प्रत मागते. खात्याचे पहिले उत्तर पुष्कळदा असे असते की माहिती आमच्याकडे नाही, ती कंपनीकडे आहे. हे उत्तर म्हणजेच पहिला आक्षेप! ज्या खात्याला स्वतःची चोपडी दुसऱ्याकडून मागून आणावी लागते ते खाते तिचा मालक कसले? असो. माहिती हाती आली की चाळणी सुरू होते. एकाच बँक खात्यापुढे कितीजणांची नावे आहेत? जन्मतारखेच्या रकान्यात अशक्य तारखा आहेत काय? अनुक्रमांकांत मधलेच आकडे गहाळ आहेत काय? मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांत एकाच नावाने शेकडो अर्ज मंजूर झाले आहेत काय? लक्षावधी ओळींतून अशा ओळी वेचणे यंत्राच्या साहाय्याने काही तासांत होते. परंतु संशयास्पद ओळ म्हणजे गुन्हा नव्हे. त्यानंतर पथकास गावात जावे लागते, मूळ अर्ज पाहावा लागतो, माणसास भेटावे लागते. एका खात्यावर पाच नावे सापडली म्हणून पाचही खोटी ठरविणारा तपासनीस उतावळा. कदाचित त्या पाच मुली एकाच वसतिगृहातील असतील आणि खाते अधीक्षकाचे असेल. अर्थात ते खाते अधीक्षकाचे का असावे हा पुढचा प्रश्न उरतोच.

ह्या तपासणीतून काय निघते त्याचे एक उदाहरण सर्वांस परिचित अशा योजनेचे आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला. लाभार्थ्यांच्या नोंदींत ७,४९,८२० माणसांपुढे एकच मोबाईल क्रमांक होता : दहा वेळा नऊ. आणखी १,३९,३०० जणांपुढे दहा वेळा आठ. उपचारांच्या नोंदींत ज्यांना आधीच मृत दाखविले होते अशा ३,४४६ रुग्णांच्या नावे पुन्हा उपचार दाखवून रुग्णालयांस ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचे आढळले. सरकारने खुलासा केला की मोबाईल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, ओळख इतर मार्गांनी पटविली जाते. हा खुलासा मी मुद्दाम सांगतो, कारण वकिलाने दुसरी बाजू लपवू नये. तरीही विचार करा. नोंदणी करणाऱ्याने दहा वेळा नऊ हा आकडा का दाबला असेल? रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे जाऊ देत नव्हते, आणि समोरच्या कुटुंबाकडे मोबाईल नव्हता किंवा त्याला तो विचारण्याइतका वेळ नव्हता, असेच बहुधा झाले असावे. यंत्राने विचारले, माणसाने काहीतरी उत्तर दिले, आणि यंत्राने ते मान्य केले. उद्या त्याच क्रमांकावर संदेश पाठवून लाभार्थ्यास कळविले असे कोणी म्हणाले, तर तो संदेश कोणाला पोहोचला?

आधार देणाऱ्या प्राधिकरणाचीही अशीच तपासणी झाली आणि तो अहवाल एप्रिल २०२२ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. एका माणसास एकच क्रमांक हे ज्या व्यवस्थेचे ब्रीद, त्या व्यवस्थेला नोव्हेंबर २०१९ पर्यंत पावणेपाच लाखांहून अधिक क्रमांक दुबार म्हणून रद्द करावे लागले होते असे त्यात नमूद आहे. यंत्र चुकत नाही हा समज किती भोळा आहे हे सांगण्यास एवढे पुरे.

तथापि ह्या समजाची किंमत माणसे कशी मोजतात हे पाहावयाचे असेल तर ब्रिटनकडे पाहावे लागेल. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या छोट्या टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसविली. कचेरी चालविणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात त्यानंतर तूट दिसू लागली. तूट आली की ती पदरची भरावी असा त्यांचा करार. त्यांनी घरे गहाण टाकली. तरी तूट थांबेना. १९९९ ते २०१५ ह्या काळात ९०० हून अधिक लोकांवर चोरीचे, अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. त्यांत सीमा मिश्रा ह्या भारतीय वंशाच्या भगिनी होत्या. सुमारे ७४,००० पौंडांची तूट त्यांच्या माथी मारण्यात आली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये, पोटात मूल असताना, त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्येकास वाटत होते की तूट आपल्या एकट्याच्याच कचेरीत आहे. पुढे अनेक जण एकत्र आले, त्यांनी दिवाणी दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रणालीतच दोष होते, त्या दोषांमुळे खोटी तूट दिसू शकत होती, आणि कंपनीच्या माणसांना दुरून कचेरीच्या हिशेबात हात घालता येत होता. ही शेवटची गोष्ट टपाल खाते वर्षानुवर्षे नाकारीत आले होते. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांत सीमा मिश्रा होत्या. उरलेल्यांसाठी २०२४ साली पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला.

ह्या प्रकरणातील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या आहेत. पहिली अशी की २०११ साली बाहेरच्या हिशेबतपासनिसांनी टपाल खात्यास लेखी कळविले होते की प्रणालीत हवा तसा फेरफार करण्याचे विशेष अधिकार ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यावरील नियंत्रण कमकुवत आहे. तपासनिसाने खिळ्याच्या डोक्यावर बोट ठेवले होते. परंतु ते पत्र वरिष्ठांच्या फायलीत राहिले आणि खटले उभे असलेल्या पोस्टमास्तरांस ते दिसले नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. संगणकाचा पुरावा द्यावयाचा असेल तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे लागेल, असा इंग्लंडात १९८४ चा नियम होता. १९९९ च्या कायद्याने तो काढून टाकण्यात आला आणि यंत्र नीटच चालत असते असे गृहीत धरले जाऊ लागले. म्हणजे ज्या सुमारास सदोष प्रणाली आली त्याच सुमारास तिला जाब विचारण्याचा नियम गेला!

आपल्याकडे सुदैवाने तसे झालेले नाही. पुरावा कायद्यात २००० साली ६५ ब हे कलम आले. संगणकातील नोंदीची प्रत हजर करणाऱ्याने ठराविक प्रमाणपत्र दिले पाहिजे असे त्याने ठरविले. हे प्रमाणपत्र टाळता येते काय ह्यावर बरेच उलटसुलट निर्णय झाले. शेवटी जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात ही अट कायम असून प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे. परंतु हे सर्व न्यायालयाच्या दारात. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसापाशी कोणी प्रमाणपत्र देत नाही. तेथे "पडद्यावर दिसते" हाच पुरावा आणि तोच निकाल.

माझ्याकडे एक वृद्ध विधवा भगिनी आल्या होत्या. त्यांचे अनुदान बंद झाले होते आणि संगणकात त्यांच्या नावापुढे "मयत" असा शेरा होता. त्या स्वतः खिडकीशी उभ्या होत्या; तरी कारकून म्हणे की मी काय करू, संगणक घेत नाही. मी त्या कार्यालयास तीनच प्रश्न लेखी विचारले. हा शेरा कोणत्या तारखेस मारला गेला? कोणाच्या लॉगिनमधून? कोणत्या कागदाच्या आधारे? पहिल्या दोहोंची उत्तरे आली. तिसऱ्यापुढे रेघ होती. न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच अनुदान सुरू झाले. मधल्या महिन्यांचे पैसे मिळण्यास मात्र आणखी बराच काळ गेला. हे तीन प्रश्न मी कायद्याच्या पुस्तकातून घेतलेले नव्हते. ते माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षकाचे रोजचे प्रश्न आहेत, आणि ते कोणालाही विचारता येतात.

ह्याच अनुभवावरून मला ह्या पेशातील लोकांशी एक मतभेद मांडावासा वाटतो. अपात्र माणसास पैसा गेला की त्यांची नजर तत्काळ तिकडे वळते. कारण तेथे रक्कम असते, आणि अहवालात रक्कम लिहिता येते. पात्र माणूस नाकारला गेला तर तिजोरीतून काहीच जात नाही. मग लिहावयाचे काय? कित्येक प्रणाली तर नाकारलेल्यांची नोंद पुरेशी ठेवीतच नाहीत. अंगठा जुळला नाही म्हणून रेशनच्या दुकानातून किती माणसे रिकाम्या हाती परतली ह्याचा तक्ता मागितला तर तो मिळेलच ह्याची खात्री नाही. माझे म्हणणे असे की चाळणीतून खाली काय पडले एवढेच न पाहता वर काय अडकले तेही पाहिले पाहिजे, आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण, तारीख व अधिकारी हे तीन रकाने नसणे हाच गंभीर आक्षेप मानला पाहिजे. नाव वगळण्यापूर्वी माणसाचे ऐकून घेणे हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व यंत्र आले म्हणून रद्द झालेले नाही. ज्यांच्या घरी नाकारले जाण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे त्या घरातील मुलगी तपासनिसाच्या खुर्चीवर बसली तर हा तक्ता मागण्याचे तिला आधी सुचेल, असे मला वाटते. मात्र तिने तेथे आपल्या माणसांना झुकते माप देऊ नये. तिच्या अहवालाचे वजन तिच्या निःपक्षपातीपणावर आहे. ते एकदा गेले की अहवाल रद्दीच्या भावाने जातो.

ह्या अधिकाराच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. लेखापरीक्षक कोणास शिक्षा देऊ शकत नाही, कोणाचे अनुदान सुरू करू शकत नाही, कंत्राट रद्द करू शकत नाही. तो पाहतो, विचारतो, उत्तर घेतो आणि लिहितो. पुढे लोकलेखा समिती त्या अहवालावर खात्याची साक्ष घेते, आणि त्यात वर्षे जातात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की असा अहवाल संसदीय चर्चेच्या अधीन असतो, समिती तो स्वीकारील वा नाकारील. तेव्हा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. पण पोस्टमास्तरांच्या प्रकरणात जे पत्र दडून राहिले तशी गोष्ट आपल्याकडे विधिमंडळासमोर मांडावी लागते, छापली जाते, महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येते. वकिलाच्या हाती ते मोठे साधन आहे. आमचे बहुतेक वकीलबंधू हे अहवाल उघडूनही पाहत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता पालकांच्या मनातील प्रश्न : ही नोकरी मिळते कशी? ह्या खात्यातील वरची सेवा, म्हणजे भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवा, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भरतात. परंतु तेवढाच दरवाजा नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून लेखापरीक्षक आणि सहायक लेखापरीक्षा अधिकारी ही पदे भरली जातात. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास सामान्यतः ती देता येते. कायद्याचा पदवीधरही त्यात आला. अनुसूचित जातींच्या उमेदवारांस आणि सर्व स्त्रियांस तिची फी माफ आहे, आणि अनुसूचित जातींस वयात पाच वर्षांची सवलत आहे. आत गेल्यावर खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन पायरी पायरीने वरिष्ठ लेखापरीक्षा अधिकारी होता येते. आपल्या राज्यात मुंबई व नागपूर येथे महालेखापालांची कार्यालये आहेत. संगणकाच्या तपासणीचे शिक्षण देण्यासाठी ह्याच खात्याने २००२ साली नोएडा येथे एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढले आहे. सिसा नावाची जगभर मान्य असलेली एक परीक्षाही आहे. ती १९७८ पासून चालू आहे. तिच्यात चार तासांत दीडशे प्रश्न सोडवावे लागतात आणि प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो. तिची फी डॉलरमध्ये असल्यामुळे ती आपल्या कुटुंबांस जड आहे. म्हणून मुलाने कर्ज काढून आधी हे प्रमाणपत्र मिळवावे आणि मग नोकरी शोधावी असा सल्ला मी देणार नाही. आधी खात्यात शिरावे, काम शिकावे, परीक्षा मागाहून द्यावी. गणितात फार मोठी बुद्धी लागते असेही नाही. लागते ती चिकाटी, आणि साहेबांचा चहा पिऊन झाल्यावरही तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची तयारी.

ज्यांच्या घरी परीक्षा देणारे कोणी नाही त्यांनीही काही गोष्टी आजपासून कराव्यात. कोणताही अर्ज भरला की त्याचा क्रमांक व तारीख एका वहीत लिहावी आणि पावती जपून ठेवावी. अर्जात मोबाईल क्रमांक आपलाच घालावा. केंद्रचालकाचा घालू देऊ नये, आणि घरात मोबाईल नसेल तर विश्वासू नातेवाइकाचा द्यावा. ओटीपी कोणास सांगू नये हे तर आपण जाणताच. पडद्यावर नकार दिसला तर त्याचा फोटो घ्यावा आणि कारण लेखी मागावे. मग ते तीन प्रश्न : कोणत्या तारखेस, कोणाच्या लॉगिनमधून, कोणत्या कागदाच्या आधारे. ते मी आज फळ्यावर लिहून ठेवले आहेत. मुलांनी उतरून घ्यावेत. सभा संपल्यावर ज्यांचे अर्ज अडकले आहेत त्यांनी आपापली कागदपत्रे घेऊन मागच्या खोलीत यावे, मी तेथे बसणार आहे.